पटावरचे राष्ट्र आणि पटाबाहेरचा माणूस

माझ्या वर्गातील काही विद्यार्थी राष्ट्रे चालवतात. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकून आधी हसू येते, मग कुतूहल वाटते, आणि नंतर थोडी धास्तीही वाटू लागते. इंटरनेटवरचे एक संकेतस्थळ उघडायचे, आपल्या राष्ट्राला नाव द्यायचे, ध्वज निवडायचा, चलन ठरवायचे आणि रोज पाच-दहा मिनिटे राज्य करायचे, असे ह्या खेळांचे स्वरूप आहे. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही की सुरुवातीला पैसे मोजावे लागत नाहीत. ब्राउझर चालेल असा संगणक किंवा फोन पुरतो. म्हणूनच ते गरीब घरातल्या पोरांपर्यंतही पोचले आहेत. ह्यांपैकी चार खेळ मी काही महिने स्वतः खेळून पाहिले. त्यांतल्या जुन्या आणि नव्या खेळांची येथे तुलना करायची आहे. पण कोणता खेळ अधिक रंजक, हा माझा प्रश्न नाही. राष्ट्र नावाच्या गोष्टीत माणसाची जागा कोणती, ह्याविषयी प्रत्येक खेळ काय गृहीत धरून चालतो, एवढेच मला तपासायचे आहे.

आपल्या नियतकालिकाला ह्या पोरखेळाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. खेळ समाजरचनेचे शिक्षण देतात, आणि ते शिक्षण आहे हे खेळणाऱ्याला कळत नाही, म्हणून कर्तव्य आहे. आपल्याकडचा मोक्षपट घ्या. सद्गुणाच्या घरी शिडी, दुर्गुणाच्या घरी साप. कोणत्या घरातून चढायचे आणि कोणत्या घरातून घसरायचे हे पट रंगवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले. पोर कवड्या टाकते आणि न कळत कर्मविपाकाचा धडा गिरवते. बुद्धिबळातले प्यादे पुढेच सरकते. मागे फिरण्याचा अधिकार पटावरच्या सगळ्या सोंगट्यांत फक्त त्यालाच नाही. आपल्या पोरांच्या हाती आता जो नवा पट आला आहे तो कोणी रंगवला आणि त्यात कोणती घरे आहेत, हे पाहणे ज्यांना पटाबाहेर ठेवले गेले त्यांनी तरी टाळू नये.

ह्या जातीच्या खेळांचा आरंभ गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातला. 'अर्थ २०२५' नावाचा एक खेळ तेव्हा अमेरिकेत बराच चालला. एकरांत जमीन, ठरावीक संख्येने मिळणाऱ्या चाली, सैन्य आणि टोळ्या, एवढाच त्याचा संसार. त्याविषयी अधिक लिहावे असे त्यात काही नाही. खऱ्या अर्थाने जुना म्हणावा असा, आणि विचार करायला लावणारा खेळ म्हणजे 'नेशनस्टेट्स'. मॅक्स बॅरी ह्या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने तो नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू केला, तोही आपल्या येऊ घातलेल्या कादंबरीची जाहिरात म्हणून. जाहिरात संपली, कादंबरी मागे पडली, खेळ मात्र आजही चालू आहे. त्यानंतर २००६ मध्ये 'सायबरनेशन्स', २००८ मध्ये 'ई-रिपब्लिक' आणि २०१४ मध्ये 'पॉलिटिक्स अँड वॉर' असे खेळ आले. ह्या चौघांत मिळून एका कल्पनेचा प्रवास दिसतो.

तो समजून घेण्यासाठी आधी त्या कादंबरीकडे गेले पाहिजे. तिचे नाव 'जेनिफर गव्हर्नमेंट', साल २००३. तिच्यातल्या जगात सरकार जवळजवळ उरलेले नाही, कर नाहीत, सगळा कारभार कंपन्यांच्या हाती आहे. माणसाचे आडनाव म्हणजे तो जिच्यात काम करतो ती कंपनी. नायकी ह्या बुटांच्या कंपनीत काम करणाऱ्याचे आडनाव नायकी. नायिका सरकारी नोकर, म्हणून तिचे आडनाव गव्हर्नमेंट. नोकरी बदलली की आडनावही बदलते. पाश्चात्त्य वाचकाला हे भविष्यातले भयचित्र वाटले, आणि लेखकाचा हेतूही तोच होता. मला मात्र ते वाचताना वेगळेच काही वाटत राहिले. माणसाच्या नावामागे त्याचे काम चिकटवायचे आणि त्या कामावरून त्याची किंमत करायची, ही कल्पना आमच्याकडे कोणा कादंबरीकाराला सुचावी लागली नाही. गावच्या दप्तरात नावापुढे जात लिहिली जात होती आणि जातीत कामही लिहिलेलेच होते. फरक आहे तो एकच आणि तो फार मोठा आहे. बॅरीच्या जगात माणूस नोकरी सोडून आडनाव सोडू शकतो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग असे म्हटले होते. त्या बंदिस्तपणाची कल्पना ह्या भयचित्रातदेखील नाही. पश्चिमेच्या लेखकाचे सर्वांत वाईट स्वप्नसुद्धा आमच्या गावापेक्षा एका अंगाने मोकळे आहे, ही नोंद करून मी पुढे जातो.

आणि तरीही ह्याच खेळाचे एक मोठे आकर्षण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मी एका विद्यार्थ्याला विचारले, "तुला ह्यात एवढे काय सापडते रे?" तो म्हणाला, "सर, तिथे आडनाव विचारत नाहीत." ह्या उत्तरापुढे माझ्या टीकेला थोडा वेळ गप्प बसावे लागते. ज्या पोराला वसतिगृहात, खोली भाड्याने घेताना, मुलाखतीला गेल्यावर पहिल्या दोन मिनिटांत आडनावाचा पल्ला ओलांडावा लागतो, त्याला केवळ राष्ट्राच्या नावाने ओळखले जाण्यात सुख वाटले तर त्यात नवल काय? त्या सुखाला पळवाट म्हणणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. मात्र त्या सुखाची किंमत कोण चुकवतो, हे पाहायचे आहे.

'नेशनस्टेट्स'मध्ये राष्ट्र स्थापन करताना काही प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात आणि प्रत्येक राष्ट्र ५० लाख लोकसंख्येने सुरू होते. त्यानंतर राज्यकर्त्यापुढे 'मुद्दे' येऊ लागतात. प्रत्येक मुद्द्यात दोन-चार माणसे येऊन आपापली बाजू मांडतात, थोडी अतिशयोक्तीने, थोडी विनोदाने. त्यांपैकी एकाचे ऐकायचे. ऐकले की कायदा झाला. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो आणि राष्ट्राच्या वर्णनात एक तिरकस वाक्य वाढते. नागरी हक्क, अर्थव्यवस्था आणि राजकीय स्वातंत्र्य अशा तीन मापांनी राष्ट्राचे सत्तावीस प्रकार पाडलेले आहेत. कोणी 'मनोरुग्ण हुकूमशाही', कोणी 'कुणालाही न दुखावणारी मध्यममार्गी लोकशाही'. शिक्षकांनी हा खेळ वर्गात वापरला आहे, आणि का वापरला हे समजते. कोणताही निर्णय फुकट मिळत नाही, एका माणसाला दिलेले स्वातंत्र्य दुसऱ्याच्या ताटातून काही काढून घेते, हे पोराला तेथे दहा मिनिटांत कळते. आमच्या पाठ्यपुस्तकाला ते दहा प्रकरणांत जमत नाही.

ह्या खेळाची मोठी कमाई अशी की त्यात राज्यकर्त्याच्या दारात माणसे येतात. ती बोलतात, भांडतात, रडतात, धमकी देतात. त्यांची नावे बनावट असली तरी राष्ट्र म्हणजे माणसांची तक्रार ऐकण्याची जागा आहे, एवढे खेळाला मान्य आहे.

पण येणारी माणसे कोठून येतात? सक्तीच्या मतदानाचा एक जुना मुद्दा आहे. मतदान फार कमी झाले म्हणून वाद उभा राहतो. एकजण म्हणतो, सक्ती करणे स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. दुसरा म्हणतो, मत देणे हे कर्तव्य आहे. तिसरा म्हणतो, निवडणुका हव्यात कशाला? विनोद चांगला आहे. पण तिघांच्याही बोलण्यात मत ही आधीपासून घरात असलेली वस्तू आहे. वापरावी की न वापरावी एवढाच वाद. बाबासाहेबांना १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना अस्पृश्याला मत का हवे हे सिद्ध करावे लागले होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाची मागणी करावी लागली. आणि ते प्रत्यक्ष हाती आले १९५१-५२ च्या निवडणुकीत. ज्याच्या आजोबाने पहिले मत दिले तेव्हा त्याला वाड्यावरून निरोप आला होता, त्या घरातला माणूस ह्या मुद्द्यात चौथा म्हणून आत येऊ शकला असता. तो येत नाही. मुद्दे लिहिणारे बहुतेक खेळाडूच असतात आणि संपादन करणारे स्वयंसेवक. त्यांचे जग इंग्रजी बोलणाऱ्या पाश्चात्त्य महाविद्यालयाच्या आवारातले आहे, आणि माणूस आपल्या आवारातलीच माणसे दारात आणून उभी करतो. ह्यात दुष्टावा नाही. आमच्या मध्यमवर्गीय मराठी कादंबरीनेही अनेक वर्षे दुसरे काय केले?

ह्याहून गंभीर गोष्ट 'मुद्दा' ह्या रचनेतच आहे. उद्या ह्या खेळात जातीवर मुद्दा आला असे समजा. एका सकाळी तो येईल, तीन पर्याय देईल, राज्यकर्ता एक दाबील आणि जात संपेल किंवा वाढेल. दुसऱ्या सकाळी प्राणिसंग्रहालयाचा मुद्दा येईल. समाजाची घडण ही येथे प्रश्नांची सुटी सुटी माळ होते. शिवाय प्रत्येक मुद्द्याखाली तो बरखास्त करण्याची सोयही आहे. दार लावून घेतले की आलेली माणसे निघून जातात, मोर्चा निघत नाही, दगड पडत नाही, पुढच्या निवडणुकीत पाडणारा कोणी नसतो. कितीही जुलूम करा, लोकसंख्या दिवसागणिक वाढतच राहते. उलट राज्यकर्ता अठ्ठावीस दिवस फिरकला नाही तर राष्ट्रच नाहीसे होते. सुटीची आगाऊ सूचना देऊन ठेवली तर मुदत साठ दिवसांची. लोकांवाचून राज्यकर्ता टिकतो, राज्यकर्त्यावाचून लोक टिकत नाहीत: पेशवाईच्या कारभाऱ्यालाही इतके उघडपणे हे बोलता आले नसते.

ब्रीदवाक्य, ध्वज, चलन ह्यांपैकी काहीही बदलायचे तर रकाना भरून बटण दाबावे लागते. हे करताना मला मराठवाडा विद्यापीठ आठवल्याशिवाय राहिले नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नाव प्रत्यक्षात आले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामांतर म्हणून नाही, नामविस्तार म्हणून. साडेपंधरा वर्षे. एका नावाला एवढा वेळ आणि एवढे रक्त का लागते, हे ज्या राजकीय खेळात कळू शकत नाही त्यात राजकारणाचा फार मोठा भाग वगळलेला आहे.

त्या सत्तावीस प्रकारांत एक प्रकार 'बहुमताची जुलूमशाही' असा आहे. राजकीय स्वातंत्र्य भरपूर, नागरी हक्क कमी. नाव वाचून मला आशा वाटली. पण हे बहुमत मतांचे आहे, आज असलेले आणि उद्या बदलू शकणारे. राजकीय बहुमत घडवता-मोडता येते आणि जमातीचे बहुमत जन्माने ठरलेले असते, हा भेद बाबासाहेबांनी १९४५ साली मांडला तो नेमका येथे कामाचा आहे. पुणे करारात १४८ जागांचा हिशेब झाला तो मत बदलणाऱ्या बहुमताच्या भीतीने झाला नव्हता. कधीच न बदलणाऱ्या बहुमताच्या अनुभवाने झाला होता. खेळाच्या तीन मापांत ह्या दुसऱ्या बहुमताला माप नाही. पुढे ह्याच खेळात समावेशकता, उत्पन्नातली समानता, गरिबांचे सरासरी उत्पन्न अशी कितीतरी मोजमापे आली. गरीब किती गरीब आहे ते कळते. गरीब कोण आहे, ते कळत नाही.

एवढे दोष दाखवूनही मी ह्या जुन्या खेळाला नव्यांच्या वर ठेवतो. का, ते नव्यांकडे वळल्यावर लक्षात येईल.

'सायबरनेशन्स'मध्ये दारात कोणी येत नाही. तेथे आहेत जमीन, पायाभूत सुविधा, तंत्रज्ञान, कर आणि सैन्य. प्रजा आहे, पण ती करपात्र उत्पन्न म्हणून. तिला एक भावना दिलेली आहे: समाधान. तिला हवी ती राज्यपद्धती आणि हवा तो धर्म दिला की समाधानाचा आकडा वाढतो आणि कर अधिक जमतो. धर्मांच्या यादीत बौद्ध धर्मही आहे. राज्यकर्ता यादीतून नाव निवडतो आणि सारे राष्ट्र एका क्षणात बौद्ध होते. काही दिवसांनी प्रजेची आवड बदलली की दुसऱ्या धर्मात जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे स्वखर्चाने, पायी, बैलगाडीने, आगगाडीने आली आणि त्यांनी आपला धर्म स्वतः बदलला. त्याने कोणाचा करभरणा वाढला नाही. उलट घोषित धर्म बौद्ध झाला म्हणून अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या, त्या केंद्रात परत मिळायला १९९० साल उजाडले. धर्मांतर म्हणजे राज्यकर्त्याने प्रजेवर फिरवलेला कुंचला, ही कल्पना ह्या खेळात इतक्या सहजपणे बसली आहे की तिच्यावर कोणी हसतही नाही.

ह्या खेळातली एक गोष्ट मात्र मला फार शिकवून गेली. तंत्रज्ञान जसजसे साठत जाते तसतसे पुढचे महाग होत जाते. म्हणून जुनी धनाढ्य राष्ट्रे ते स्वतः न बनवता नव्या छोट्या राष्ट्रांकडून विकत घेत. नवे राष्ट्र स्वतःच्या वाढीसाठी न जगता जुन्यासाठी माल बनवून देई, आणि त्या मोबदल्यात मिळालेल्या पैशावर जगे. खेळाच्या नियमांत ही चाकरी कोठेही लिहिलेली नव्हती. किमतीच्या एका चढत्या कोष्टकातून ती आपोआप उगवली, आणि काही काळाने ती नव्या खेळाडूचा स्वाभाविक धर्म होऊन बसली. आधी आलेला घेणारा, नंतर आलेला बनवणारा. येथे जन्म नाही, पण आगमनाचा क्रम आहे, आणि तोच जन्माचे काम करू लागतो. उतरंड कशी उभी राहते हे विद्यार्थ्याला दाखवायचे असेल तर मी त्याला हे कोष्टक दाखवीन.

'ई-रिपब्लिक'ने एक धाडस केले, त्याचे श्रेय द्यायला हवे. येथे खेळणारा राष्ट्र नसतो, नागरिक असतो. तो खऱ्या जगातला देश निवडतो, रोज कोणाच्या तरी कारखान्यात काम करतो, वेतन घेतो, त्यावर कर भरतो, पक्षात जातो आणि मत देतो. महिन्याच्या ५ तारखेला अध्यक्षाची, १५ तारखेला पक्षप्रमुखांची आणि २५ तारखेला प्रतिनिधिसभेची निवडणूक. घटनेने खेडे हा घटक सोडून व्यक्ती हा घटक धरला, ह्याचे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात समाधान व्यक्त केले होते. चार खेळांपैकी ह्या एकाच खेळाने व्यक्ती हा घटक धरला. त्यामुळे ह्या खेळाकडून माझी अपेक्षा सर्वांत अधिक होती.

पण एकाच वर्षाने त्याच सभागृहात, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांनी दिलेला इशारा ह्या खेळाला शब्दशः लागू पडतो. मताला समान किंमत आणि आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध येथे उघडा पडतो. मत प्रत्येकाला एकच. पण खेळात सोने आहे, आणि ते खऱ्या पैशाने विकत मिळते. ज्याच्याकडे सोने त्याचे कारखाने मोठे, त्याचा युद्धातला आघात मोठा. युद्धात देशाचे भवितव्य ठरते, म्हणून ज्याचा आघात मोठा त्याचे मत, न मोजताही, मोठे. बनावट खाती उघडून मते टाकणे, परक्या देशाच्या लोकांनी संघटितपणे येऊन दुसऱ्याची प्रतिनिधिसभा काबीज करणे, हे प्रकार तेथे नित्याचे झाले. पुढे चालकांनी एक नवी सोय दिली: लष्करी तुकडीच्या प्रमुखाने उठाव करायचा, लढाई जिंकायची आणि हुकूमशहा व्हायचे. मग प्रतिनिधिसभेचे अधिकार जवळजवळ संपतात. विरोध सुटावा म्हणून आर्थिक विषमता कमी करण्याचा एक मार्ग होता. दुसरा मार्ग मताची किंमत कमी करण्याचा. खेळाने दुसरा धरला. पैसा सोने विकण्यातून येतो हे ध्यानात घेतले की त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही.

चौथ्या खेळाविषयी, 'पॉलिटिक्स अँड वॉर'विषयी, मला थोडे कठोर लिहायचे आहे. तो चारांत सर्वांत सफाईदार आहे. शहरे बांधायची, खाणी, कारखाने, बाजार उभे करायचे, आघाडीत जायचे, युद्ध करायचे. शहराची लोकसंख्या मुख्यतः पायाभूत सुविधांच्या आकड्यावर ठरते. माणसे आधी आणि रस्ते नंतर हा क्रम येथे उलटा आहे. प्रदूषण वाढले की रोगराई वाढते आणि लोकसंख्या घटते. त्यावर उपाय म्हणून कचरा-पुनर्वापर केंद्र बांधायचे, रुग्णालय बांधायचे. आकडा खाली येतो. गुन्हे वाढले की पोलीस ठाणे बांधायचे. आकडा खाली येतो.

हा खेळ २०१४ साली सुरू झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देऊन १९९३ पासून गटारात गुदमरून मेलेल्या प्रत्येक माणसाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्यास सांगितले. हाताने मैला उचलण्याविरुद्धचे १९९३ चे आणि २०१३ चे असे दोन कायदे असताना हे सांगावे लागले. २०२३ मध्ये तीच रक्कम तीस लाख करावी लागली, कारण मरणे थांबले नव्हते. शहर स्वच्छ राहते तेव्हा कोणीतरी खाली उतरलेला असतो, आणि तो कोणत्या वस्तीतून येतो हे ह्या देशात सर्वांना ठाऊक आहे. खेळातल्या स्वच्छतेला हात नाहीत. ती बांधकामाच्या खर्चात येते. खेळ अमेरिकेत तयार झाला, त्याला आमच्या गटाराचे काय, असे म्हणता येईल. पण १९६८ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात काळ्या सफाई कामगारांनी 'मी माणूस आहे' असे फलक गळ्यात घालून संप केला, आणि त्याच संपासाठी गेलेले मार्टिन ल्यूथर किंग तेथे मारले गेले. तेव्हा ज्या भूमीत हा पट रंगवला गेला तिलाही हे हात माहीत असायला हवे होते.

ह्या खेळात जो आघाडीत नाही तो लुटीचा धनी. जमिनीवरचा हल्ला यशस्वी झाला की हल्लेखोराला रोकड मिळते, म्हणून एकटी, नवखी राष्ट्रे ही ठरलेली शिकार. संरक्षण हवे तर मोठ्या आघाडीचे मांडलिक व्हायचे. आघाडीला आपल्या सदस्यांवर कर बसवता येतो, शंभर टक्क्यांपर्यंत. आणि नव्या सदस्याचे सगळे उत्पन्न घेऊन त्याला वाढीसाठी अनुदान देण्याची पद्धत अनेक आघाड्यांत आहे. नवखे राष्ट्र राबते, सगळे वर देते, आणि वरून जे येते ते मायबापाची कृपा म्हणून घेते. माझ्या विद्यार्थ्यांना ह्यात काही गैर वाटत नाही. "सर, त्यामुळे लवकर मोठे होता येते," असे ते म्हणतात. आणि खरेच होता येते. मोठे झाल्यावर तेही नव्यांकडून तेच घेतात. 'नेशनस्टेट्स'मध्ये दुसऱ्याचे राष्ट्र लुटता येत नाही. प्रदेशावर टोळीने चाल करून सत्ता घेता येते, तेथून राष्ट्राला हाकलता येते, पण त्याची माणसे, त्याचे कायदे, त्याचा कोष त्याच्याजवळच राहतो. दुबळ्याचे दुबळेपण तेथे गुन्हा ठरत नाही.

आता जुन्याला मी वर का ठेवतो ते सांगणे सोपे झाले. २००२ ते २०१४ ह्या बारा वर्षांत ह्या खेळांतून माणूस क्रमाक्रमाने बाहेर गेला. आधी तो दारात येऊन बोलत होता. मग तो समाधानाचा आकडा झाला. मध्ये एकदा तो नागरिक म्हणून परत आला, पण त्याला सोन्याने तोलण्यात आले. शेवटी तो पायाभूत सुविधांचा गुणाकार झाला. खेळ जितका नवा तितका त्याचा हिशेब बारीक आणि माणूस पुसट. हा प्रवास केवळ खेळांचा आहे असे मला वाटत नाही. ह्याच काळात आमच्या राजकीय भाषेतही विकासाचा आकडा मोठा होत गेला आणि ज्याच्यासाठी विकास तो माणूस लाभार्थी ह्या एका शब्दात मावू लागला. कार्यकर्ते सर्वेक्षणाचे कागद घेऊन वस्तीत जातात तेव्हा त्यांनी हा मोह ओळखावा.

नव्या खेळांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे: ते सत्तेबद्दल कमी खोटे बोलतात. लूट, मांडलिकी, पैशाने मिळणारे बळ हे सारे तेथे उघडे आहे. जुना खेळ विनोदाच्या पडद्याआड बसून, राज्यकर्ता मनात आणील ते होते अशी भाबडी समजूत करून देतो. तरीही दोहोंतून निवडायचे झाले तर ज्यात माणूस निदान बोलतो तो पट मी वर्गात नेईन, आणि मुद्द्यातल्या तीन माणसांनंतर चौथा लिहायला विद्यार्थ्यांना सांगीन. गेल्या सत्रात मी ते करून पाहिले. सक्तीच्या मतदानाच्या मुद्द्यावर एका मुलीने चौथा माणूस म्हणून आपल्या आजीला उभे केले. आजीची मागणी एवढीच होती की मतदान केंद्र पाटलाच्या वाड्यासमोरच्या शाळेतून हलवावे. त्यावर राज्यकर्त्याने कोणते बटण दाबायचे, ह्यावर वर्ग तासभर भांडला.

जुन्या खेळातली एक अलीकडची घडामोड सांगून थांबतो. 'नेशनस्टेट्स'मध्ये राष्ट्रांचे प्रदेश असतात आणि प्रदेश स्थापणाऱ्या राष्ट्राला तेथे कोणी काढू शकत नाही असा अधिकार असे. पण तो अधिकार त्याच्याबरोबर संपे. संस्थापक नाहीसा झाला की प्रदेश बेवारस, आणि मग पाठिंब्याच्या मतांवर जो प्रतिनिधी निवडून येईल त्याच्या हाती सत्ता, मग तो चाल करून आलेला टोळीवालाही असेल. २०२३ साली नियम बदलले. आता प्रदेशाच्या प्रमुखाला आपला वारस नेमून ठेवता येतो. असुरक्षित प्रदेशांना ह्याने आधार मिळाला, हे खरे. पण ज्या खेळात सारे जण ५० लाख लोकसंख्या आणि कोरी जमीन घेऊन सारख्याच पायरीवरून सुरू होत, तेथे वीस वर्षांनी वारसा आला. तो फक्त अधिकाराचा वारसा आहे. आमच्याकडे वतन दोन्ही टोकांना होते. पाटलाच्या पोराला वारशाने पाटीलकी मिळे आणि महाराच्या पोराला वारशाने वेठ, रात्रीबेरात्रीचा सांगावा आणि दारोदारची भाकर मिळे. १८७४ च्या कायद्याने ते वतन सरकारी शिक्क्याचे झाले होते. ते सैल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. वतन कायद्याने गेले ते तीस वर्षांनी, १९५८ मध्ये. खेळातल्या वारसाच्या रकान्यात राष्ट्राचे नाव लिहिले की काम होते, आणि वारस म्हणून नेमलेल्या राष्ट्राला नको असेल तर ते नाकारताही येते.